कल्पना ढीगभर, गोष्ट मात्र बाराव्या पानावर

"मॅडम, डोक्यात इतक्या कल्पना येतात की एकही पूर्ण होत नाही."

समुपदेशक म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता बोलणाऱ्याच्या पहिल्या दोन शब्दांवरून पुढचं कळतं. कुणी कादंबरी लिहीत असतं, कुणी गेम बनवत असतं, कुणी चित्रकथा काढत असतं. पण सगळ्यात जास्त वेळा ही तक्रार येते ती स्वतःचं अद्भुत विश्व रचणाऱ्यांकडून. त्यांची भाषा वापरायची तर वर्ल्डबिल्डिंग करणाऱ्यांकडून. आणि ते साहजिकही आहे. इतर लेखकांना निदान चंद्र तरी तयार मिळतो. इथे चंद्र किती, इथपासून सुरुवात. ते ठरलं की भरती-ओहोटी बदलते, त्यावरून बंदरं, बंदरांवरून व्यापार, व्यापारातून नाणी, नाण्यांवरून राजे आणि राजांमुळे लढाया. प्रत्येक उत्तराच्या पोटात चार प्रश्न. या कामाला 'झालं एकदाचं' असं म्हणण्याची जागाच नसते.

आज अशाच एका तरुणाबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि त्याच वाटेवरच्या आणखी दोघा-तिघांचं बोलणंही त्याच्या तोंडी आलं आहे.

पहिल्या दिवशी त्याने माझ्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरले. एकावर एक चार. खालच्यावर जमीन, त्यावर उधाणाच्या भरतीची किनाररेषा, त्यावर भांगाची, आणि सगळ्यात वर एक अशी रेषा की समुद्र जवळजवळ दिसतच नव्हता. कोपरे गुंडाळले जात होते, ते त्याने दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून धरले होते. "आपल्याकडे एकच चंद्र, तरी भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते," तो सांगू लागला. "माझ्या जगात तीन चंद्र आहेत. ते एका रेषेत आले की समुद्र नऊ दिवस मागे हटतो. तळ उघडा पडतो आणि लोक चालत पलीकडच्या देशात जातात. पाणी परतायच्या आत माघारी यायचं. त्यांना वाट दिसावी म्हणून एक मुलगी मनोऱ्यावर दिवा लावते."

मी खरोखर गुंगून ऐकत होते. मग विचारलं, "किती पानं लिहून झाली?"

"अकरा. बारावं चालू आहे."

"कधीपासून?"

तो नकाशे गुंडाळू लागला. "दीड वर्ष झालं."

त्या दीड वर्षात त्याने दोन भाषांचं व्याकरण रचलं होतं, चारशे वर्षांची टाइमलाइन आखली होती, तीन चंद्रांच्या भरतीचं कोष्टक एक्सेलमध्ये मांडलं होतं आणि दुसऱ्या दोन विश्वांची सुरुवातही केली होती. शिवाय त्याच्याकडे एक भक्कम उत्तर तयार होतं. "टॉल्किनने आयुष्य घालवलं की यात."

हे उत्तर मला नेहमी मिळतं, म्हणून जरा थांबून सांगते. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन यांची स्वतः रचलेल्या पुराणकथांची जुळणी पहिल्या महायुद्धाच्या काळापासून चालू होती, हे खरं. पण 1937 मध्ये 'द हॉबिट' आलं आणि प्रकाशकाने पुढचं पुस्तक मागितलं, तेव्हा त्यांनी दिलेली ती पुराणकथांची बाडं स्वीकारली गेली नाहीत. हॉबिटांचीच पुढची गोष्ट हवी होती. ती त्यांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात लिहायला घेतली आणि 1954-55 मध्ये ती तीन खंडांत छापून आली. पुराणकथांचं पुस्तक मात्र त्यांच्या हातून पुरं झालं नाही. ते त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1977 मध्ये, मुलाने संपादित करून बाहेर आणलं. म्हणजे ते अफाट विश्व वाचकांपर्यंत पोचलं ते घर सोडून निघालेल्या छोट्या माणसांच्या पायांनी. हे सांगितल्यावर तो गप्प बसला. पटलं होतं, पण उपयोग झाला नाही. पटण्याने बाराव्या पानाचं तेरावं होत नाही.

मग माझ्या हातून एक चूक झाली, आणि या कामातली ती सगळ्यात सहज होणारी चूक आहे. मी त्याला कल्पनांची वर्गवारी करायला सांगितलं. आत्ता लागणाऱ्या, नंतर लागणाऱ्या, नकोत अशा. दोन आठवड्यांनी तो आला तो उजळलेल्या चेहऱ्याने. सहा रंगांची लेबलं, एकमेकांना जोडलेले फोल्डर, प्रत्येक कल्पनेला क्रमांक. व्यवस्था देखणी होती. पान अजून बारावंच होतं. कल्पना आवरण्याची व्यवस्था हीच त्याची नवी कल्पना झाली होती. तुम्ही नोट्सची ॲप बदलत असाल, वहीसाठी नवी पद्धत शोधत असाल, तर इथे क्षणभर थांबा.

पुढच्या वेळी मी काम बदललं. "काही गाळायचं नाही, काही लावायचं नाही. कल्पना आली की दोन ओळींत लिही. आणि खाली तिसरी ओळ: ही येण्याच्या आधी मी काय करत होतो."

तो 23 नोंदी घेऊन आला. मी वाचायला हात पुढे केला, तर त्याने वही स्वतःकडेच धरली आणि खालच्या ओळी तेवढ्या वाचू लागला. "पान बारा उघडलं. पान बारा उघडलं. आंघोळ करत होतो. पान बारा. पान बारा..." पाचव्या-सहाव्यानंतर त्याचा आवाज बारीक झाला. 23 पैकी 19 नोंदींखाली तीच ओळ होती.

"काय आहे रे बाराव्या पानावर?"

"काहीच नाही. साधा प्रसंग आहे. ती रात्री उशिरा घरी येते. वडील विचारतात, कुठे होतीस. बस, एवढंच."

"मग ती काय म्हणते?"

माझ्या खोलीत घड्याळ आहे, त्याचा आवाज एरवी येत नाही. त्या दिवशी आला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मॅडम, मला तिसऱ्या चंद्राची फेरी किती दिवसांची ते माहिती आहे. ती काय म्हणते ते माहिती नाही."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, हे मी वर्षानुवर्षांच्या सरावाने शिकले आहे आणि ते मला जमतं, याचं मला समाधान आहे. तोच पुढे बोलला. "ती आत्ता काहीही म्हणू शकते. एक वाक्य लिहिलं की बाकीची सगळी गेली. वहीत आहे तोवर हे सगळं केवढं मोठं आहे! लिहिलं की एवढंसं होतं." अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये त्याने जेमतेम दाण्याएवढी जागा ठेवून दाखवली.

त्या दाण्याएवढ्या जागेत मला त्याचा सगळा त्रास दिसला. घरचे त्याला आळशी म्हणत होते, तोही स्वतःला चंचल म्हणत होता. दोन्ही चूक. अवघड प्रसंगाकडे पाठ फिरवताना कुणी कपाट आवरतं, कुणी मोबाइल उघडतं. त्याला लपायला जागा मिळाली ती त्याच्या सगळ्यात मोठ्या गुणात. त्या कल्पना अस्सल होत्या, सुंदर होत्या, म्हणून तर हे पळणं आहे असा संशय कुणाला आला नाही. अगदी मलाही पहिल्या तीन भेटींत आला नाही.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीतून तयार झाले. त्यामुळे समोरच्याच्या बोलण्यातल्या एका अक्षराकडे माझा कान असतो: 'च'. एलिस हट्टी मागण्यांबद्दल बोलत, आणि मराठीत तो सगळा हट्ट या एका अक्षरात मावतो. त्याचीच वाक्यं मी कागदावर लिहून त्याच्यापुढे सरकवली. 'तिचं उत्तर पहिल्या फटक्यात बरोबरच आलं पाहिजे. आलेली प्रत्येक कल्पना वापरलीच पाहिजे. एकही सुटताच कामा नये.'

त्याने पेन्सिल घेतली आणि तिन्ही 'च' खोडले. मग पुन्हा वाचून म्हणाला, "तिसरं अजून तसंच आहे. च काढला तरी धमकीच वाटते." आणि त्याने ते वाक्य नव्याने लिहिलं: 'एखादी सुटली तर मला वाईट वाटेल.' त्याखाली, मी न सांगता, 'वाटू दे.' तो कागद त्याने घडी घालून पाकिटात ठेवला. इतकी वर्षं मी लोकांना 'च' खोडायला शिकवते, पण खोडल्यावरही वाक्यात हट्ट उरतो हे कुणी आपणहून पकडणं दुर्मीळ.

आता ज्यांनी स्वतःच्या वहीशी हे सगळं ताडून पाहिलं असेल त्यांच्याशी थोडं बोलते.

पूर्ण न झालेलं काम मनाला टोचत राहतं. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये प्रयोगांतून दाखवलं की मध्येच थांबवलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा लोकांना जास्त आठवत होती. मग ज्याची पन्नास विश्वं अर्धवट आहेत, त्याच्या डोक्यात किती गलबला असेल! यावर उपाय सगळी पूर्ण करणं हा नाही. 2011 मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांनी प्रयोगांत पाहिलं की अपुऱ्या कामाचं नेमकं नियोजन केलं, तरी त्याची टोचणी बरीच थांबते. काम व्हायलाही लागत नाही. म्हणून कल्पनेला 'नंतर बघू' म्हणू नका, वार आणि वेळ द्या. 'रविवारी संध्याकाळी सात.' आणि रविवारी सातला खरंच वही उघडा. दोन रविवार चुकवलेत तर मन तुमच्यावर विश्वास ठेवणं सोडेल आणि कल्पना पुन्हा मंगळवारी दुपारी दार ठोठावतील.

वही एकच ठेवा, साधी. लेबलं नकोत. पण ती तिसरी ओळ न चुकता लिहा.

लिहायला बसल्यावर नवी कल्पना आली तर तिला एवढंच विचारा: या पानावरचं माणूस आत्ता जे करतंय किंवा बोलतंय, ते तुझ्यामुळे बदलतं का? बदलत असेल तर ती आत येऊ दे. नसेल तर रविवारी. नाण्यावर कोणत्या राजाचं तोंड आहे हे पात्राने नाणं हातात घेईपर्यंत ठरवायची गरज नसते. सुचण्याची बैठक आणि निवडण्याची बैठकही वेगळ्या ठेवा. एकाच तासात दोन्ही करायला गेलं की सुचणारं मन निवडणाऱ्याला घाबरतं आणि निवडणारं मन सुचणाऱ्यामागे वाहवत जातं.

कल्पना सोडताना दुःख होतं, ते नाकारू नका. निवड म्हणजे थोडा वियोग असतोच. माझ्याकडे येणारे बहुतेक जण शिस्तीचा उपाय मागतात आणि त्यांना खरी गरज असते ती हे दुःख कुणीतरी मान्य करण्याची.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. कल्पनांचा वेग अचानक वाढला असेल, कित्येक दिवस झोप अगदी कमी होऊनही थकवा वाटत नसेल, बोलणं थांबत नसेल, पैसे सैल हाताने खर्च होत असतील, तर वही आणि रविवार बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तसंच लहानपणापासून प्रत्येकच कामात लक्ष टिकत नसेल, तर त्याचीही रीतसर तपासणी करून घ्या. त्या तरुणाच्या बाबतीत या दोन्ही शक्यता मी आधी विचारून घेतल्या होत्या.

तीन आठवड्यांनी त्याने बारावं पान आणलं. वडील विचारतात, कुठे होतीस. मुलगी म्हणते, "तेल संपलं होतं." खोटं बोलते ती. त्या रात्री तिने दिवा लावलेलाच नसतो. का, ते त्यालाही त्या दिवशी माहिती नव्हतं, पण ते शोधायला आता त्याला तेरावं पान हवं होतं.

शेवटच्या भेटीत एकतिसावं पान चालू होतं. मी त्याला भरतीच्या कोष्टकाबद्दल विचारलं. सहा महिन्यांचं काम होतं ते. त्याने एक ओळ दाखवली. वडील खिडकीतून बाहेर बघत म्हणतात, "आज पाणी लवकर येईल." अख्खं कोष्टक तेवढ्यात आलं होतं.

"वाईट वाटलं?"

"हो," तो म्हणाला. "दोन दिवस."

निघताना दारात थांबून त्याने खिशातली वही काढली आणि भिंतीला टेकवून दोन ओळी लिहिल्या. मग माझ्याकडे बघून तिसरी लिहिली. काय सुचलं ते मी विचारलं नाही. वार शुक्रवार होता.