ज्या दिवशी दुखेल, त्याच दिवशी सांग

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा रात्री वाचले आणि त्यातल्या एका वाक्याने माझी झोप उडाली. तू लिहिले आहेस, "काका, आता माझ्याशिवाय कोणी उरलेलेच नाही." तुमच्या बेसबॉल संघात चेंडू टाकणाऱ्या चौघा पिचरांपैकी एक खांद्यामुळे बाहेर आहे, दुसऱ्याच्या कोपराला पट्टा बांधलेला आहे, तिसऱ्याची लय हरवली आहे आणि तो दुसऱ्या इनिंगमध्येच फटके खाऊन परततो. राहिलास तू, आणि तुझ्या कोपराची आतली बाजू सोळा दिवसांपासून ठणकते आहे. हे तुझ्या कोचला ठाऊक नाही, आईला ठाऊक नाही, फक्त मला ठाऊक आहे. दिवस तू मोजले आहेस, म्हणजे मनातून तुला सगळे कळलेले आहे. आणि तरी मला विचारतोस की शुक्रवारी टाकू की नको. ते तू एकट्याने ठरवायचे नाही आणि इतक्या लांबून मीही ठरवायचे नाही. तुझ्याकडे एकच काम आहे: ज्या दिवशी दुखेल त्याच दिवशी सांगणे. त्याला सोळा दिवस उशीर झालेला आहे.

तू हिमतीचा आहेस, संघासाठी जीव टाकतोस, हे मी लिहीत बसणार नाही. ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. तू आपल्या लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा दाखला दिला आहेस, तेव्हा डॉजर्सबद्दलच बोलू. 2024 चा हंगाम आपण सोबत पाहिला, कधी तुमच्या दिवाणखान्यात, कधी स्टेडियमच्या अगदी वरच्या मजल्यावर, जिथून पिचर अंगठ्याएवढा दिसतो.

हे पत्र तुझी आईही वाचेल, म्हणून तिच्यासाठी थोडे उलगडून सांगतो. इनिंग म्हणजे तिघे बाद होईपर्यंतचा छोटा डाव. व्यावसायिक संघात सामना सुरू करणारे साधारण पाच पिचर असतात आणि ते आळीपाळीने टाकतात, कारण ऐंशी-शंभर चेंडू पूर्ण जोराने टाकलेल्या हाताला पुन्हा उभे राहायला मधले दिवस लागतातच. आता त्या वर्षीची डॉजर्सची अवस्था आठव. शोहेई ओहतानीच्या कोपरावर आदल्या सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे तो वर्षभर फक्त फलंदाजी करत होता. टोनी गॉन्सोलिन कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण हंगाम बाहेर होता. एमेट शीहान आणि रिव्हर रायन यांच्यावर तीच शस्त्रक्रिया त्याच वर्षी झाली. डस्टिन मे कोपरातून सावरत होता, तोच त्याच्या अन्ननलिकेला इजा झाली. क्लेटन कर्शॉ खांद्याची शस्त्रक्रिया करून जुलैअखेर परतला आणि सात सामन्यांनंतर पायाच्या अंगठ्याने त्याला बसवले. साडेबत्तीस कोटी डॉलरचा करार केलेल्या योशिनोबू यामामोटोचा खांदा जूनमध्ये दुखावला, तो सप्टेंबरपर्यंत मैदानात नव्हता. ऑगस्टमध्ये टायलर ग्लॅसनाऊचे कोपर गेले. संघात सर्वांत जास्त इनिंग टाकणारा गॅव्हिन स्टोन सप्टेंबरमध्ये खांदा धरून बसला, आणि त्याच्याही इनिंग भरल्या होत्या जेमतेम 140. जे उभे होते त्यांतल्या वॉकर ब्यूलरने एक सामना जिंकला आणि सहा गमावले. बॉबी मिलरची दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी साडेआठावर गेली. एवढे होऊन संघाने 98 सामने जिंकले आणि ऑक्टोबरअखेर अजिंक्यपदही मिळवले.

लोक म्हणतात, पैशाच्या जोरावर जिंकले. पैसा होताच, ते मी नाकारत नाही. पण त्या संघात कोण आहे आणि कोण नाही, हे दररोज सर्वांना ठाऊक असे, यावरच तो तरला, असे माझे ठाम मत आहे. सप्टेंबरमध्ये ग्लॅसनाऊ परतण्याच्या तयारीत होता, सरावाच्या सामन्याआधी हात गरम करत होता, आणि तेव्हा कोपरात पुन्हा कळ आली. तो तिथेच थांबला. त्याचा हंगाम तिथे संपला आणि संघाला ऑक्टोबरची आखणी करायला दोन-अडीच आठवडे मिळाले. त्या संघाचा पिचिंग कोच होता मार्क प्रायर, ज्याने 2003 मध्ये बावीस-तेविसाव्या वर्षी 211 इनिंग टाकून 18 सामने जिंकले आणि ज्याचा मेजर लीगमधला, म्हणजे सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमधला, शेवटचा सामना 2006 मध्येच होऊन गेला. दुखणाऱ्या हाताची भाषा त्या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

9 ऑक्टोबरचा सॅन दिएगोमधला सामना आठवतो ना? मालिकेत 1-2 असे मागे, हरले की घरी. सामना सुरू करायला स्टार्टर नव्हता आणि मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांनी तो आहे असे भासवलेही नाही. बुलपेनमधले, म्हणजे एरवी बदली म्हणून येणाऱ्या पिचरांतले, आठ जण एकामागून एक माउंडवर, चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, आले आणि समोरच्या संघाची एकही धाव झाली नाही. 8-0. हाच डाव अजिंक्यपदाच्या मालिकेत, वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात, उलटला आणि न्यूयॉर्क यांकीजने अकरा धावा काढल्या, तेव्हा ही काही जादू नव्हे. पण जो पिचर नाही त्याची सोय आठ जण मिळून करू शकतात. जो आहे असे सगळे समजतात आणि प्रत्यक्षात नाही, त्याची सोय कुणालाच करता येत नाही, कारण तो कोसळतो तेव्हा बुलपेनमध्ये कुणी तयारच नसतो. शुक्रवारी तू तसा पिचर असशील. म्हणून म्हणतो, ज्या दिवशी दुखेल त्याच दिवशी सांग.

आणि तुमच्या तिसऱ्या पिचरबद्दल तू जे लिहिले आहेस ते मला आवडले नाही. "तो असून नसल्यासारखा" म्हणतोस? त्याचा हात धडधाकट आहे. असून नसल्यासारखा तू आहेस. त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या मालिकेतल्या पाचव्या सामन्यात डॉजर्सच्या जॅक फ्लॅहर्टीने तीन इनिंगमध्ये आठ धावा दिल्या. रॉबर्ट्स यांनी आपले भरवशाचे बुलपेन त्या सामन्यात खर्ची घातले नाही. ब्रेंट हनीवेलला पाठवले. जुलैमध्ये दुसऱ्या संघाने सोडून दिलेला, कोपराच्या दुखण्यांत उमेदीची कित्येक वर्षे गेलेला तो पिचर. त्याने चौदा फलंदाज बाद केले, चार धावा दिल्या, सामना 12-6 असा गेला. तो सामना कुणाच्या लक्षात राहिला नसेल, पण त्या चौदा बादांमुळे बाकीचे हात ताजे राहिले आणि पुढचा सामना त्याच ताज्या हातांनी 10-5 असा जिंकून दिला. मार खाणारा पिचरसुद्धा दुसऱ्या कुणाचे तरी कोपर वाचवत असतो. तुमच्या त्या मुलाला तीन इनिंग मार खाऊ दे.

आता जे लिहितो ते तुझ्या आईवडिलांनाही मी कधी सांगितलेले नाही. अकरा वर्षांपूर्वी मी इथे मुलांच्या एका संघाला शिकवत असे. सोळा वर्षांचा एक मुलगा होता, उजव्या हाताचा, तुझ्यासारखाच अबोल. त्या वयाला दिवसाला 95 चेंडूंची मर्यादा सुचवलेली आहे आणि मी ती काटेकोर पाळत असे. पाचव्या इनिंगअखेर त्याचे 83 झाल्याचे माझ्या वहीत लिहिलेले आहे, ती वही अजून माझ्या कपाटात आहे. तो डगआउटमध्ये येऊन बसला, पाण्याची बाटली गुडघ्यांत धरली आणि डाव्या हाताने झाकण फिरवले. मी ते पाहिले. सहाव्या इनिंगला त्याला पुन्हा पाठवले. तिसरा चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जाळीवर गेला आणि तो मुलगा माउंडवरच आपल्या हाताकडे पाहत उभा राहिला, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता. कोपराचे लिगामेंट फाटले होते. त्यानंतर तो कधीही पिचर म्हणून खेळला नाही.

नंतर कळले की चार दिवस आधी तो दुसऱ्या एका संघासाठीही टाकून आला होता. मी कोणताही नियम मोडला नव्हता. त्या दुसऱ्या संघाच्या कोचने मला कळवले नव्हते, घरच्यांनी सांगितले नव्हते, मुलाने स्वतः सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तर मी त्याला त्या दिवशी चेंडूला हातही लावू दिला नसता. हे मी अकरा वर्षे स्वतःला सांगत आलो आहे आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. तरी बाटली मी पाहिली होती. मी विचारले नाही, कारण ज्या मैदानावर मी वाढलो तिथे विचारायची रीत नव्हती. कोल्हापुरात कॉलेजकडून वेगवान गोलंदाजी करताना पाठ धरली की बाम चोळून, फडके आवळून पुढचे षटक टाकायचे, आणि दुखते म्हणणाऱ्याला पुढच्या सामन्यात बाहेर बसायचे. ती पाठ आजही मला सकाळी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसवून ठेवते. मुले का सांगत नाहीत हे ज्याला सर्वांत जास्त ठाऊक असायला हवे होते, त्या माणसाने त्या मुलाला विचारले नाही.

म्हणून तुझ्या पत्रातले "फार तर टॉमी जॉन होईल, सगळे परत येतात" हे वाक्य वाचून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. 25 सप्टेंबर 1974 रोजी, याच लॉस एंजेलिस परिसरात, डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन, ज्याचे नाव पुढे कोपराच्या या शस्त्रक्रियेला पडले, त्याच्या उजव्या हातातला स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला, तेव्हा यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक धरली होती. जॉन परतला आणि त्यानंतर 164 सामने जिंकला. लोकांनी ते 164 लक्षात ठेवले आणि मेजर लीगमध्ये एकही चेंडू न टाकता गेलेले 1975 चे वर्ष विसरले. ब्यूलरची ही शस्त्रक्रिया दोनदा झाली आणि दुसरीनंतर 2024 मध्ये परतल्यावर त्याने काय भोगले ते वर लिहिलेच आहे. मेजर आणि मायनर लीग मिळून 2010 मध्ये अशा 104 शस्त्रक्रिया झाल्या होत्या, 2024 मध्ये 281 झाल्या. 2008 ते 2024 या काळात फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी 91 मैलांवरून 94 वर गेला. कोपरातल्या ज्या लिगामेंटच्या पट्ट्यावर हा सगळा ताण येतो तो दंडाचे हाड आणि कोपराखालचे आतले हाड यांना बांधणारा, बोटाच्या पेराएवढा असतो. भोवतालचे स्नायू ताजे असतात तोवर ते भार वाटून घेतात. ते थकले की सगळा भार त्या पट्ट्यावर येतो. थकलेल्या हाताने वारंवार टाकणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याचे प्रमाण कित्येक पटींनी जास्त असते, हे अभ्यासातून दिसलेले आहे. तुझ्या वयाला 105 चेंडूंची मर्यादा आणि 81 किंवा त्याहून जास्त टाकल्यास चार दिवस विश्रांती, हे तुझ्या कोचला पाठ असेल. पण ते आकडे न दुखणाऱ्या हातासाठी आहेत. दुखणाऱ्या हाताचा आकडा शून्य.

तू म्हणशील, ब्यूलरने सोमवारी पाच इनिंग टाकल्या आणि बुधवारी नवव्या इनिंगला येऊन वर्ल्ड सिरीज संपवली. यामामोटोने 2025 मध्ये टोरांटोला सहाव्या सामन्यात 96 चेंडू टाकले आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात आणखी 34. खरे आहे, आणि तेव्हा तुमच्या सोफ्यावर मीही उभा राहून ओरडलो होतो. पण ती वर्षातली अखेरची इनिंग होती, ती प्रौढ माणसे होती, आणि त्यांनी किती टाकले, कधी टाकले, कसे वाटते आहे, हे त्यांच्या मॅनेजरपासून काहीही लपलेले नव्हते. तुझ्या शुक्रवारच्या सामन्यानंतर मंगळवारी आणखी एक आहे.

2024 च्या त्या बुधवारच्या रात्रीचे एक दृश्य मला ब्यूलरच्या शेवटच्या चेंडूपेक्षाही मोलाचे वाटते. आठवी इनिंग, एका धावेची आघाडी, ब्लेक ट्रायनन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त चेंडू टाकून थकलेला. रॉबर्ट्स डगआउटमधून निघाले तेव्हा तुझे बाबा म्हणाले, "काढला याला." रॉबर्ट्स यांनी माउंडवर जाऊन त्याच्या छातीवर हात ठेवला, डोळ्यांत पाहिले आणि अजून किती शिल्लक आहे ते विचारले. त्याने सांगितले, आणि ते परत फिरले. ट्रायननने पुढचे दोघे बाद केले. त्या प्रश्नाला किंमत होती ती समोरून खरे उत्तर येणार या भरवशामुळे. तुझा कोच शुक्रवारी माउंडवर येऊन तुला हेच विचारेल, तेव्हा तू "ठीक आहे" म्हणणार आहेस. सोळा दिवस तू तेच म्हणतो आहेस. तो माणूस वाईट नाही. त्याला खरे उत्तर मिळालेले नाही, एवढेच.

उद्या गुरुवार. तुमचा सराव साडेतीनला सुरू होतो. आज रात्री जेवताना आधी आईला सांग. आतल्या बाजूला दुखते, कोणत्या तारखेपासून, कोणत्या चेंडूला जास्त, सकाळी उठल्यावर हात सरळ होतो की नाही, एवढे सगळे, काही न गाळता. उद्या सरावाआधी तेच शब्द कोचला सांग आणि क्रीडा-डॉक्टरची वेळ घे. त्याने चिडचिड केली तर करू दे. शुक्रवारसाठी त्याच्याकडे एक पूर्ण दिवस राहील: तीन इनिंग त्या तिसऱ्या मुलाला, दोन शॉर्टस्टॉपला, ज्याचा हात तूच मला दाखवला होतास, बाकीच्या ज्याला जमतील त्याला. हरालही कदाचित. मी शुक्रवारी येणार आहेच आणि डगआउटच्या मागे, जाळीजवळच्या बाकावर बसणार आहे. तू धावफलक लिहायला घे.

सव्वातीन वाजता कोचच्या खोलीतून बाहेर पडलास की मला फोन कर. मी तीनपासून फोन हातात घेऊन बसतो.

तुझा,
काका