टेकाडाला किल्ला का म्हणायचं?

प्रश्न : लेकाकडे केंब्रिजला गेले होते. त्याने हौसेने थेटफर्डचा नॉर्मन किल्ला दाखवायला नेलं. तिथे ना तट, ना बुरूज, ना दरवाजा. नुसतं गवताळ टेकाड आणि वर जायला पायऱ्या! अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या बाईला हा किल्ला कसा पटावा? की आम्ही भलतीकडेच गेलो?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ठिकाण बरोबर होतं, ताई. शब्द तेवढा फसवा निघाला. लेक ‘किल्ला’ऐवजी ‘गढी’ म्हणाला असता, तर तुमची इतकी निराशा झाली नसती.

तुम्ही चढलात ते टेकाड निसर्गाचं नाही. साठ फुटांहून उंच तो ढीग माणसांनी घातलेला आहे. १०६६ साली नॉर्मन, म्हणजे फ्रान्सच्या नॉर्मंडीतले लोक, इंग्लंडात उतरले. मुलूख परका, रयत चिडलेली. दगडी तट बांधत बसायला सवड कुणाला होती? मग गोल खंदक खणायचा, निघालेली माती मधोमध रचायची आणि माथ्यावर लाकडी बुरूज उभा करायचा. हा झाला मॉट. पायथ्याशी लाकडी कुंपणाचं आवार, त्यात तबेले, कोठारं, शिपाई, ती बेली. खणायला अर्थात जिंकलेली रयतच, वेठीला धरलेली. फ्रान्सच्या बायो गावात याच स्वारीची चित्रं असलेलं प्रसिद्ध भरतकाम आहे. त्यात इंग्लंडातल्या हेस्टिंग्ज गावचा मॉट रचतानाचं दृश्य आहे. त्यात दोघे गडी काम सोडून एकमेकांच्या डोक्यात फावडी घालताहेत! मला तो तुकडा फार आवडतो.

थेटफर्डची गढी इंग्लंडचा राजा दुसऱ्या हेन्रीने ११७३मध्ये मोडून टाकली. लाकूड गेलं, माती राहिली. पुढे गावकरी म्हणू लागले, सैतानाने इथे बुटांचा चिखल खरवडला, त्याचं हे टेकाड.

मीसुद्धा पहिल्यांदा तुमच्यासारखीच पायऱ्या चढले, फोटो काढला, उतरले. सोबतच्या बाईंनी मग मला खंदकात नेलं. तिथून वर पाहिलं आणि पोटात गोळाच आला. चिलखत घालून, वरून मारा होत असताना हा चढ चढायचा! उत्तरेकडे मातीचे दुहेरी बांध दिसतात, ते तर नॉर्मनांच्याही हजारांहून अधिक वर्षं आधीचे, लोहयुगातले. नॉर्मनांनी आयती जागा बळकावली.

पुन्हा गेलात तर आधी खंदकात उतरा, पायऱ्या नंतर. आणि चपला नकोत. ओलं गवत फार निसरडं असतं.