डीईए एजंट व्हायचंय म्हणून अमेरिकेला यावं का?

तुझं पत्र नीट वाचलं. कराडला बी.फार्म. झालीस, वय २३, इकडच्या एका विद्यापीठात फॉरेन्सिक सायन्सच्या एम.एस.ला प्रवेश मिळालाय, ४० लाखांचं कर्ज मंजूर व्हायच्या बेतात आहे आणि पुढे डीईएत, म्हणजे अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्यात, स्पेशल एजंट व्हायचंय. "काका, एम.एस. झाल्यावर किती वर्षांत अर्ज करता येईल?" एवढंच विचारलंयस. कर्जाच्या कागदांवर बाबांची सही व्हायच्या आत उत्तर कळायला हवं म्हणून आधी तेच सांगतो. विद्यार्थी व्हिसावर येऊन, या वाटेने, तुला तो अर्ज बहुधा कधीच करता येणार नाही.

हुशारी, इंग्रजी, धावण्याचा वेग यांचा इथे संबंध नाही. अडचण दोन अटींची आहे. पहिली, अमेरिकेचं नागरिकत्व. ग्रीन कार्ड चालत नाही, नागरिकच हवा. दुसरी, वय. गुन्हे तपासणाऱ्या केंद्रीय अधिकाऱ्याची नेमणूक ३७वा वाढदिवस यायच्या आत व्हावी लागते, कारण ५७व्या वर्षी सक्तीची निवृत्ती असते आणि त्याआधी वीस वर्षांची सेवा भरायला हवी. सैन्यातून आलेल्यांना आणि आधीच अशा केंद्रीय नोकरीत असलेल्यांना यात सवलत मिळते, बाकीच्यांना नाही. डीईएचंच असं आहे असं समजू नकोस. एफबीआय, होमलँडचा तपास विभाग, टपाल खात्याचे इन्स्पेक्टर, सगळीकडे नागरिकत्व लागतं आणि वयाची रेघही बहुतेक ठिकाणी हीच.

आता तुझ्या वर्षांची बेरीज करू. एफ-१ व्हिसावर एम.एस. संपेल तेव्हा तू २५ची. त्यानंतर ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर नोकरी करायच्या परवानगीचं, एक वर्ष आणि स्टेम म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानातला विषय असल्याने आणखी दोन, म्हणजे २८. तोवर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत नाव निघालं पाहिजे आणि पुढे ग्रीन कार्डासाठी अर्ज करणारी कंपनी मिळाली पाहिजे. खरी रांग तिथून सुरू होते. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला साधारण सात टक्के येतात, मग तो देश भारत असो की आइसलँड. आपल्याकडच्या ज्या लोकांचा नंबर आज लागतोय त्यांनी अर्ज भरले त्याला एक तप उलटून गेलंय, आणि त्यांच्यामागची रांग त्यांच्यापेक्षा लांब आहे. समजा तुझंही एका तपात झालं, तरी ग्रीन कार्ड हातात येताना तू चाळिशी ओलांडलेली असशील. त्यापुढे पाच वर्षं, मग नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज. ३७ कधीच मागे पडलेलं असेल.

प्रवेश मिळवून देणाऱ्या तुमच्या एजंटने हे सांगितलं नसेल, कारण त्याचं काम प्रवेशापाशी संपतं. फॉरेन्सिकबद्दल आणखी एक गोष्ट तुला कुणीतरी सांगायला हवी. इथे या विषयाच्या नोकऱ्या मुख्यतः पोलीस, काउंटी आणि राज्य सरकारांच्या प्रयोगशाळांत असतात. त्यांतल्या बऱ्याच जागांना नागरिक किंवा ग्रीन कार्डवालाच लागतो, आणि एच-१बीसाठी धावपळ करणारी सरकारी प्रयोगशाळा विरळाच. एवढं कर्ज डोक्यावर घेऊन या पदवीने तीन वर्षांत व्हिसा मिळवणं हे फार्मसी किंवा संगणकवाल्यांपेक्षा कितीतरी अवघड आहे. ज्या ध्येयासाठी येतेयस ते बाजूलाच राहील, साधी नोकरीही मिळणार नाही, अशी मला धास्ती वाटते.

"मग तुम्ही एजंट कसे झालात?" हे तू विचारणारच. माझ्या आत्याचं लग्न होऊन ती न्यू जर्सीला आली, नागरिक झाली आणि तिने भावासाठी म्हणजे माझ्या बाबांसाठी अर्ज भरून ठेवला. बऱ्याच वर्षांनी नंबर लागला तेव्हा मी १७चा होतो. आईबाबांबरोबर अल्पवयीन मुलगा म्हणून सातारा सोडतानाच माझ्या हातात कायम वास्तव्याचा व्हिसा होता, आणि इथे आल्यावर ग्रीन कार्ड मिळालं. पाच वर्षांनी नागरिक झालो, रसायनशास्त्रात पदवी घेतली, क्वांटिकोला डीईएच्या प्रशिक्षणाला गेलो आणि पन्नाशीत एजंट म्हणूनच निवृत्त झालो. यात माझी मेहनत आहे, पण सुरुवातीचं सगळं आत्याच्या त्या अर्जाचं आहे. भावंडांची ती रांग भारतासाठी आता वीस वर्षांच्या आसपास आहे, आणि २१ वर्षांपुढचं मूल सहसा त्यातून गळतं. तरीही आईबाबांच्या भावंडांपैकी कुणी जुना अर्ज भरून ठेवलाय का हे घरी विचारून घे. तारखांचा हिशोब कधी कधी मुलांच्या बाजूने लागतो.

नागरिकाशी लग्न झालं तर चित्र बदलतं. ग्रीन कार्डानंतर तीन वर्षांत नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. मनापासून लग्न झालं आणि त्याच्या ओघात हे घडलं, तर तिशीच्या सुरुवातीला तू पात्र ठरशील. कागदासाठी लग्न हा मात्र इथे गुन्हा आहे, आणि ज्या खात्यात तुला जायचंय ते तुझ्या शेजाऱ्यांपासून वर्गमित्रांपर्यंत सगळ्यांशी बोलतं. सैन्यातून नागरिकत्व लवकर मिळतं हे खरं, पण भरतीलाच ग्रीन कार्ड लागतं. व्हिसावरच्या लोकांना घेणारी मावनी योजना २०१६ पासून बंद आहे.

काम कसं असतं तेही सांगतो, कारण तुझ्या पत्रात धाडी आणि पिस्तुलं बरीच आहेत. डीईए १९७३ साली स्थापन झालं, न्याय खात्याच्या अखत्यारीत. अमली पदार्थांचा कायदा, त्यातल्या पाच अनुसूची, त्यांचा व्यापार करणाऱ्या टोळ्या आणि त्यांचा पैसा, एवढंच त्याचं विश्व. क्वांटिकोचं प्रशिक्षण चार महिन्यांच्या आसपास असतं. नेमबाजी, गाडी चालवणं, अंगावर येणाऱ्या माणसाला आवरणं, हे सगळं तिथे शिकवतात. पण नवी मुलं अडखळायची ती कायद्याच्या परीक्षेत आणि अहवाल लिहिण्यात.

डीईए-६ नावाचा एक अहवाल असतो. खबऱ्याशी बोलणं झालं, लिहा. चार तास एका घरावर पाळत ठेवली आणि काहीच घडलं नाही, तेही लिहा. मुद्देमाल हाती आला की दुसऱ्या एजंटसमोर सील करायचा, दोघांच्या सह्या, डीईए-७ भरून प्रयोगशाळेकडे रवाना. दोन वर्षांनी बचावाचा वकील तुझंच वाक्य तुला वाचून दाखवतो आणि विचारतो, तेव्हा दिवा चालू होता असं लिहिलंय, मग आज बंद होता असं का म्हणता? खटले उभे राहतात किंवा पडतात ते या कागदांवर. मी चांगले एजंट ओळखायचो ते त्यांच्या टिपणांवरून.

फोन ऐकण्याचं काम सर्वांत कठीण. १९६८ च्या कायद्यानुसार त्यासाठी न्यायाधीशाची परवानगी लागते, आणि इतर मार्ग का पुरले नाहीत हे शपथेवर पटवून द्यावं लागतं. परवानगी जास्तीत जास्त तीस दिवसांची, मग पुन्हा अर्ज. ऐकतानाही माणूस आईशी आजारपणाचं बोलू लागला की कान काढून घ्यायचा, थोड्या वेळाने परत डोकावायचं. दुसऱ्याच्या घरातलं एवढं ऐकण्याचा अधिकार हातात असताना स्वतःला आवरणं ही शिस्त अंगी बाणायला वर्षं लागतात, आणि मला आजही या नोकरीचा सर्वांत मोठा अभिमान तिचाच वाटतो.

पगार बरा असतो. कधीही बोलावलं तरी हजर राहण्यासाठी मूळ पगारावर पंचवीस टक्के मिळतात. त्याच्या मोबदल्यात मुलांचे वाढदिवस, दिवाळी आणि रविवार जातात. पहिली नेमणूक देशात कुठेही होऊ शकते आणि ती स्वीकारायची लेखी कबुली आधीच घेतात. शेवटची काही वर्षं फेंटानिल या कृत्रिम वेदनाशामकाच्या नशेची होती. दोन मिलिग्रॅम, म्हणजे पेन्सिलीच्या टोकावर मावेल एवढी पूड, माणसाचा जीव घेऊ शकते. २०२१ ते २०२३ या तिन्ही वर्षांत या देशात दर वर्षी एक लाखाहून जास्त माणसं मादक पदार्थांच्या अतिमात्रेने गेली. दुखण्याची गोळी समजून बनावट गोळी घेतलेल्या मुलांच्या आईवडिलांसमोर बसावं लागतं. त्याची सवय होत नाही, आणि होऊही नये.

नागरिकत्वाचा प्रश्न कधीकाळी सुटलाच तर पुढच्या चाळणीचं एक आत्ताच लक्षात ठेव. एसएफ-८६ नावाचा लांबलचक अर्ज असतो. दहा वर्षांतले पत्ते, नोकऱ्या, परदेशातले नातेवाईक, प्रवास, तिथली जमीन, बँकखाती, ओसीआय कार्ड, सगळं त्यात येतं. भारतात नातेवाईक आहेत म्हणून कुणाला नाकारत नाहीत, लपवलं म्हणून नाकारतात. पॉलिग्राफ होतो, नशेबद्दल खोदून विचारतात. महाशिवरात्रीला किंवा होळीला भांग घेतली असेल तर विचारल्यावर सरळ सांगायचं. आपल्याकडे भांगेची पानं एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत हे खरं, पण ते स्पष्टीकरण सांगितल्यानंतर द्यायचं, न सांगण्याची सबब म्हणून नाही. आणि इथल्या ज्या राज्यांत गांजा दुकानात मिळतो तिथे जाऊनही हात लावायचा नाही. केंद्राचा कायदा वेगळा आहे आणि हे खातं केंद्राचं आहे.

तुझ्या फार्मसीला जवळचं एक पद डीईएतच आहे, डायव्हर्जन इन्व्हेस्टिगेटर. औषध कंपन्या, घाऊक विक्रेते, डॉक्टर आणि दुकानं यांच्या नोंदी तपासून कायदेशीर गोळ्या काळ्या बाजारात कुठून गळतात हे ही माणसं शोधतात. त्यांना आणि खात्यातल्या रसायनतज्ज्ञांना ३७ची रेघ लागू नाही, नागरिकत्वाची अट मात्र आहेच. कॅनडाचा विचार केलायस का? तिथलं आरसीएमपी हे केंद्रीय पोलीस दल कायम रहिवाशांनाही घेतं, देशात काही वर्षं राहिलेलं असावं लागतं, आणि वरच्या वयाची मर्यादा नाही. देश सोडायचाच असेल आणि वर्दीच हवी असेल तर ती वाट अमेरिकेपेक्षा पुष्कळ खुली आहे.

पण मनातलं विचारशील तर मी तुला कराडहून मुंबईला जायला सांगेन. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोन बनवणारा कारखाना पकडला, त्याचे धागे सांगलीपर्यंत आले, दिल्लीपर्यंत गेले. एमडी म्हणजे हेच मेफेड्रोन आपल्या एमआयडीसींत तयार होतंय. रासायनिक रिअॅक्टर, द्रावक आणि कच्चा माल बघून इथे काय शिजतंय हे ओळखणारा तपास अधिकारी तिथे सोन्यासारखा आहे, आणि तू औषधनिर्माण शिकलीयस.

तिकडच्या अशा नोकऱ्यांत तुला सर्वांत जवळचं पद अन्न व औषध प्रशासनातल्या औषध निरीक्षकाचं. एमपीएससीमार्फत भरती होते आणि फार्मसीची पदवी ही त्याची मुख्य पात्रता. मालेगावात पोरं जिला कुत्ता गोळी म्हणतात ती अल्प्राझोलाम दुकानातून बिलाशिवाय बाहेर कशी जाते, एच-१ अनुसूचीच्या नोंदवहीत काय खोटं लिहिलंय, हे शोधणं म्हणजे डीईएच्या डायव्हर्जनवाल्यांचंच काम. दुसरं, एनसीबी, म्हणजे केंद्राची अमली पदार्थविरोधी संस्था. ही संस्था १९८६ साली सुरू झाली. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) सीजीएल या पदवीधरांच्या परीक्षेतून तिथे उपनिरीक्षक दर्जाचा कनिष्ठ गुप्तवार्ता अधिकारी होता येतं, वय ३० पर्यंत. त्याच परीक्षेतून सीमाशुल्क खात्यात गेलीस तर पुढे डीआरआयचं, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयाचं, दार उघडतं. आणि एमपीएससीतून पीएसआय झालीस तर पोलिसांची अमली पदार्थविरोधी पथकं आहेतच. फॉरेन्सिक शिकायचंच असेल तर गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीची गोव्यातही शाखा आहे, आणि खर्च तुझ्या कर्जाच्या जवळपासही जात नाही.

तयारी आजपासून करता येईल अशी एकच सांगतो. एनडीपीएस कायद्याची कलमं ४२, ५० आणि ५२-अ वाचून काढ. खबर आधी लेखी नोंदवायची, अंगझडतीआधी संशयिताला राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा हक्क आहे हे सांगायचं, नमुने मॅजिस्ट्रेटसमोर घ्यायचे. आपल्याकडे किलोकिलोंनी माल पकडूनही आरोपी सुटतात ते बहुतेक याच तीन ठिकाणी. त्यावरचे उच्च न्यायालयाचे निकाल वाचायला तुला रस वाटला, तर हे काम तुझं आहे असं मी समजेन. कंटाळा आला तर तो इथेही येईल, क्वांटिकोलाही.

घरी बाबांशी बोलून घे आणि विद्यापीठाची अनामत भरायची शेवटची तारीख मला कळव. बँकेचा व्याजदर, तारण काय ठेवलंय आणि विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या आय-२० या कागदावर विषयाचा कोणता सांकेतांक आहे, एवढं लिहून पाठव. बाबांना माझ्याशी बोलायचं असेल तर तुमच्या संध्याकाळी सातनंतर मी मोकळा असतो.