किरकोळ वाटणाऱ्या आठवणी आधी लिहून ठेवा

पत्नीला जाऊन सात महिने झाले, लग्न, वास्तुशांत, मुलीचे बारसे यांतले फारसे काही आठवत नाही आणि कुकरच्या शिट्ट्या मोजताना ती एकेक बोट कशी मिटत असे तेवढेच सारखे डोळ्यांपुढे येते, यात काही चुकते आहे का, असे तुम्ही विचारले आहे. तिचा आवाज विसरून जाण्याची भीती वाटते, असेही लिहिले आहे. माझ्या यजमानांना जाऊन बरीच वर्षे झाली, त्या अनुभवावरून उत्तर देते.

चुकत काहीच नाही. मोठ्या प्रसंगांची आठवण ठेवणारे पुष्कळ असतात: लग्नाचा अल्बम असतो, वास्तुशांतीला जेवून गेलेले नातेवाईक असतात, आणि तुम्ही विसरलात तरी एखादी आत्या तो दिवस तपशीलवार सांगेल. शिट्ट्या मोजणारी ती बोटे रोज पाहिलेले मात्र बहुधा तुम्ही एकटेच आहात. म्हणून माझा आग्रह असा, की ज्या आठवणी सांगण्यासारख्या वाटत नाहीत त्याच आधी लिहून काढाव्यात. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली वारले आणि रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्तींच्या सार्वजनिक कार्याविषयी लिहू शकणारे विद्वान तेव्हा कमी नव्हते; परंतु घरातल्या विरोधाला न जुमानता ते पत्नीला कसे शिकवत आणि घरातल्या घरात कसे वागत, हे आतून सांगू शकणाऱ्या रमाबाईच होत्या.

लिहिताना ‘ती फार प्रेमळ होती’ अशा वाक्यांपासून दूर राहा, कारण ती वाक्ये कोणाच्याही श्रद्धांजलीत बसतात. माझ्या वहीत यजमानांविषयी आहे ते असे: दुधाच्या पिशव्या धुऊन ते स्वयंपाकघराच्या खिडकीत चिमट्याने वाळत घालत, शब्दकोडे पेनानेच सोडवत आणि अडले की उत्तर मला ठाऊक असूनही मी सांगू नये म्हणून वर्तमानपत्र स्वतःकडे वळवून घेत, पाहुणे उठले की दारात चपला घालून झाल्यावर त्यांच्या खऱ्या गप्पा सुरू होत. या शेवटच्या सवयीचा मला अतोनात राग येत असे, आणि तो रागही मी लिहिला आहे. तुम्हीही भांडणे गाळू नका. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे खरे, पण फक्त चांगले लिहीत गेलो तर वर्षभरात वहीत कोणी भलतीच आदर्श बाई तयार होते आणि आपली हरवते.

तयार नोंदी घरातच सापडतात. आमच्याकडे कालनिर्णयाच्या पानांवर दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, इस्त्रीला दिलेल्या कपड्यांची संख्या हे सारे त्यांच्या बारीक अक्षरात आहे. तुमच्या घरातही यादीच्या चिठ्ठ्या, मसाल्याच्या बरण्यांवरची नावे, पाककृतींची वही असे काही असेलच. ते रद्दीत जाऊ देऊ नका. दुकानांच्या छापील पावत्यांवरची छपाई उडते, त्यांच्या मागे तिने काही लिहिले असेल तर छायाचित्र काढून ठेवा. साड्यांना तिचा वास अजून असेल तर त्या कपाटात डांबराच्या गोळ्या टाकू नका.

आवाजाचे काम मात्र याच आठवड्यात करा. तुमच्या व्हॉट्सॲपवर तिने पाठवलेले बोलके निरोप असतील, तर त्यांच्या फाइली संगणकावर आणि पेनड्राइव्हवर अशा दोन ठिकाणी उतरवून घ्या. तिचा फोन नुसता कपाटात ठेवू नका: व्हॉट्सॲपचे खाते साधारण १२० दिवस वापरात नसले तर काढून टाकले जाते, आणि गूगलचे खाते दोन वर्षे पडून राहिले तर त्यातली छायाचित्रेही जाऊ शकतात. निरोप ‘येताना दही आणा’ एवढाच असला तरी चालेल. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या एम्बँकमेंट स्थानकात ऑस्वल्ड लॉरेन्स या नटाच्या आवाजात ‘माइंड द गॅप’ ही सूचना वाजत असे. २००७ साली ते वारल्यानंतर त्यांच्या पत्नी मार्गारेट मॅकॉलम तो आवाज ऐकण्यासाठी त्या फलाटावर जाऊन बसत. नव्या यंत्रणेमुळे सूचना बदलली, तेव्हा त्यांनी चौकशी केली. रेल्वेने त्यांना ध्वनिमुद्रणाची प्रत तर दिलीच, शिवाय २०१३ मध्ये त्या फलाटावर जुना आवाज पुन्हा सुरू केला. फलाट आणि गाडी यांमधल्या फटीकडे लक्ष द्या, यापलीकडे त्या सूचनेत काहीही नव्हते.

‘आता यातून बाहेर पडा’ असे लोक म्हणतील, त्यांच्याशी वाद घालू नये. गेलेल्या माणसाशी असलेले नाते तोडावे लागत नाही, ते वेगळ्या रूपात चालू राहू शकते, अशी मांडणी तीन अमेरिकी अभ्यासकांनी १९९६ मध्येच एका ग्रंथात केली आहे, आणि ज्या समाजात पितृपक्षात गेलेल्याच्या आवडीचा पदार्थ पानात वाढतात, त्याला ती नवी वाटू नये. झोप आणि जेवण महिनोन्‌महिने बिघडलेले असेल, तर मात्र वहीवर विसंबू नका. डॉक्टरांना भेटा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोला.

राहिला मुलीचा प्रश्न. आईचा विषय काढला की ती उठून जाते, असे तुम्ही म्हणता. तिला वही वाचायला देऊ नका, निदान इतक्यात नाही. एखाद्या तपशिलावर तिचे मत विचारा: आई फोडणीत आधी हिंग घालायची की हळद? ती तुम्हाला खोडून काढील, आणि खोडून काढताना बोलेल. वर्षश्राद्धाला माणसे जमतील तेव्हाही ‘ती कशी होती’ असे न विचारता, ‘तुमच्याकडे आली की आधी कुठे बसायची, काय मागायची’ असे त्यांना विचारा. भाजीवालीलाही विचारा, तुमची पत्नी कोणती गवार परत टाकत असे, हे तिला तुमच्यापेक्षा नक्की अधिक ठाऊक असेल.