पावणेआठचा वाढदिवस

प्रिय मावशी,

आम्ही इंदूरला राजेंद्रनगरमध्ये राहतो. पुढच्या महिन्यात एका रविवारी माझ्या मुलाला पाच वर्षं पूर्ण होतायत. या वेळची थीम त्यानंच सांगितली, ‘नाश्त्याचा बड्डे’. वर्गातल्या बाकी मुलांचे डायनोसॉर, रेसिंग कार असे बड्डे होतात, याच्या डोक्यात हे कुठून आलं देव जाणे. पण मला कल्पना आवडली. पॅनकेक, वॉफल, कॉर्नफ्लेक्सचं काउंटर, काड्यांना टोचलेली फळं, अंड्याच्या आकाराचे फुगे, असं सगळं मी ठरवलंय. सासूबाई म्हणतात, इंदुरात नाश्ता म्हणजे पोहे-जिलेबी, बाकी सगळी थेरं. रोज यावरून कुरबुर चालते. बावीस मुलं आणि त्यांच्या आया बोलवायच्या आहेत, आमंत्रणं अजून दिली नाहीत. नुसत्या नाश्त्यावर बोळवण केली असं तर लोक म्हणणार नाहीत ना?

यांची पीथमपूरला कंपनीत कायम नाईट असते. बस सकाळी पावणेआठला सोडते, मग हे झोपतात. घरात गोंधळ नको म्हणून साडेदहापासून हॉल घेतलाय, पाच हजार ॲडव्हान्सही दिला. शनिवारची रजा यांना मिळत नाहीये. जमलं तर केक कापायच्या वेळी येतील. संध्याकाळी हे मोठ्या दीरांच्या दुकानावर बसतात, त्यामुळे रात्री काही ठेवता येत नाही. मुलगा तसा शहाणा आहे, दिवसभर घरात आवाज करत नाही. सकाळी बाबा आले की तेवढा त्यांच्याबरोबर पोहे खाताना धिंगाणा घालतो.

सासूबाईंना कसं समजावू?

– एक आई

अगं,

तुझ्या पत्रात दोन वाक्यं आहेत. वर लिहितेस, नाश्त्याचं हे याच्या डोक्यात कुठून आलं देव जाणे. पार खाली, पत्र संपता संपता लिहितेस, सकाळी बाबा आले की पोहे खाताना धिंगाणा घालतो. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेव आणि पुन्हा वाच. पॅनकेक की पोहे ते आपण मागाहून बघू.

तू दिलेल्या वेळांवरून मी तुझ्या लेकाचा दिवस मांडून पाहिला. तो शाळेतून येतो तेव्हा बाबा झोपलेले. बाबा उठतात तेव्हा दुकानाची वेळ झालेली. दुकानातून येतात ते जेवून, डबा घेऊन बस गाठायला. आणि या सगळ्या वेळात त्या घरात पाच वर्षांच्या पोराच्या कानावर काय पडत असेल? ‘हळू, बाबा झोपलेत.’ ‘टीव्ही बारीक कर, बाबा झोपलेत.’ ‘चेंडू खाली जाऊन खेळ, बाबा झोपलेत.’ तू त्याला शहाणा म्हणतेस. मला तो शब्द वाचून गलबलून आलं. या वयाची मुलं दिवसभर शहाणी नसतात गं, त्यांना तसं राहावं लागतं.

आणि मग उजाडतं. पावणेआठला बस येते. बाबा बूट काढतात, हात-तोंड धुतात, पोह्यांची बशी घेऊन बसतात आणि हा मांडीवर चढतो. त्या अर्ध्या तासात त्याला कुणी ‘हळू’ म्हणत नाही. त्याने बशीतली शेव पळवली तरी चालते, मोठ्यांदा हसला तरी चालतं, वर्गातलं भांडण ओरडून ओरडून सांगितलं तरी चालतं, कारण ज्याची झोप मोडायची तो माणूसच समोर जागा बसलेला असतो. बाकीच्या मुलांनी आपल्याला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट मागितली, डायनोसॉर मागितला, गाडी मागितली. याने पण तेच केलं. त्याला सगळ्यात जास्त आवडतो तो नाश्ता, कारण नाश्त्याला बाबा असतात.

आणि तू नाश्त्याचा वाढदिवस अशा वेळी ठेवलास, जेव्हा बाबा झोपलेले असतील.

मी रागावले आहे, ते तुझ्यापासून लपवत नाही. तू हे मुद्दाम केलं नाहीस हे दिसतंय. फुगे ठरवलेस, हॉल बघितलास, लोक काय म्हणतील त्याचा घोर लावून घेतलास, सासूशी रोज वाद घातलास. पण ‘जमलं तर केक कापायच्या वेळी येतील’ हे वाक्य तू इतक्या सहज लिहिलंस, जसं काही डेकोरेशनवाल्याबद्दल लिहावं. त्या सकाळी एकच माणूस असा आहे ज्याच्याशिवाय हा वाढदिवस होऊ शकत नाही, आणि नेमका तोच तू ऐच्छिक ठेवलास.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. हॉल रद्द कर. वाढदिवस घरी, सकाळी पावणेआठला, बाबांची बस आली की सुरू, आणि सव्वानऊला संपला पाहिजे. रजेची गरज नाही, नाईटचा भत्ताही बुडत नाही. रोज जसे येतात तसेच त्यांनी यायचं, फक्त त्या दिवशी दार उघडेल तेव्हा आत त्यांची वाट बघत पाच-सहा पोरं उभी असतील.

हो, पाच-सहाच. बावीस मुलांच्या गर्दीत पाच वर्षांच्या मुलाला स्वतःचा वाढदिवससुद्धा सापडत नाही. जितकं वय तितके पाहुणे, असा एक जुना अंदाज आहे आणि या वयाला तो चांगला लागू पडतो. बिल्डिंगमधली, शेजारची, जी रविवारी सकाळी नाईट ड्रेसमध्येच जिना उतरून येऊ शकतील अशी मुलं बोलव. एवढ्या लवकर कोण येणार, ही शंका मनात आणू नकोस. इंदुरात रविवारी सकाळी आठला अर्धं गाव तसंही पोह्यांच्या गाडीवर उभं असतं. आणि लहान मुलं सकाळी जेवढी ताजी, हसरी असतात तेवढी दुपारी बाराला हॉलमध्ये मुळीच नसतात. तेव्हा ती झोपेला आलेली असतात आणि केकवरच्या फुलावरून रडारड होते. बोळवण केली असं कुणी म्हणालंच तर म्हणू दे. ज्यांना जेवणावळ हवी होती त्यांना तू बोलावलेलंच नसशील.

आता सासूबाई. त्यांना काय समजवायचं ते मी सांगणार नाही, कारण त्या बरोबर आहेत. इंदूर म्हणून नव्हे, परंपरा म्हणून तर मुळीच नव्हे. तो आणि त्याचा बाप रोज सकाळी पोहे खातात, म्हणून पोहे. पोह्यांशिवायचा ‘नाश्त्याचा बड्डे’ त्या मुलाला ओळखूसुद्धा येणार नाही. त्यांच्या हाताचे करू दे त्यांना. मोठी आणि छोटी मिळून बारा-तेरा माणसं धरलीस तर एक किलो जाड पोहे पुरतात. पोहे चाळणीत धुऊन निथळू द्यायचे, मीठ, हळद, चिमूटभर साखर वरूनच लावायची. फोडणीत मोहरीबरोबर बडीशेप आणि कढीपत्ता. मिरची सगळ्यात शेवटी घालायची, म्हणजे त्याआधी मुलांचे बाजूला काढता येतात. मग गाडीवाले करतात तसं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकून ठेवायचे. त्या वाफेवर ते तासभर मऊ राहतात आणि तुला सारखं गॅसपाशी पळावं लागत नाही. कच्चा कांदा, शेव, डाळिंबाचे दाणे, लिंबाच्या फोडी वाट्यांत मांडून ठेव. मुलांना आपल्या हाताने वरून घालायला फार आवडतं, आणि तुझ्या कॉर्नफ्लेक्सच्या काउंटरची हौसही तिथेच भागेल. जीरावनचा तिखट मसाला मात्र मोठ्यांच्याच बाजूला ठेव. जिलेबी बाबांनी बसमधून उतरल्यावर कोपऱ्यावरून गरम आणायची. पुडा हातात घेऊन बाबा दारात आले की वाढदिवस सुरू झाला असं समज.

पॅनकेक हवेत तर कर की! माझं त्यांच्याशी वैर नाही. छोटे, पुरीएवढे कर, मुलांना हातात धरून खाता येतील. सगळं कोरडं पीठ रात्री मिसळून ठेव आणि दूध सकाळी घाल. बेकिंग पावडर घालून ओलं पीठ रात्रभर ठेवलंस तर सकाळी ते फुगणार नाही. वॉफल सोडून दे, यंत्रापाशी उभं राहण्यात तुझी सगळी सकाळ जाईल. आणि टोचलेल्या फळांच्या काड्या मला बिलकुल नकोत. या वयाची मुलं त्या हातात घेऊन पळतात. फळं वाटीत कापून दे. द्राक्षं असतील तर प्रत्येकाचे उभे चार तुकडे कर, अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकतं, आणि पाहुण्यांबरोबर त्यांची धाकटी भावंडं आल्याशिवाय राहत नाहीत.

औक्षण आजीने करायचं, पण बाबा शेजारी बसलेले असताना. केक पोह्यांच्या आधी काप. उलटं केलंस तर पोटं भरलेली असतील आणि बाबांचे डोळे मिटायला लागलेले असतील.

तुझ्या नवऱ्याबद्दल आता लिहिते, आणि हे त्यांना वाचून दाखव. रात्रभर उभं राहून काम केलेला माणूस सकाळी किती थकलेला असतो ते मला ठाऊक आहे. तरी या एका दिवशी मी त्यांना सूट देणार नाही. घरासाठी रात्री राबतात, संध्याकाळी भावाच्या दुकानावर बसतात, सगळ्यांच्या वाट्याला येतात आणि मुलाच्या वाट्याला दिवसाचा अर्धा तास. तो अर्धा तास पोराने इतका जपला आहे की त्याचा वाढदिवस मागितला. बाबांना हे कळलंच पाहिजे, आणि ते तुझ्या तोंडून कळलं पाहिजे. त्या सकाळी त्यांची झोप तासभर उशिरा सुरू होईल, बास. त्यांच्या कपात चहाऐवजी दूध दे, म्हणजे नंतर पडल्या पडल्या झोप लागेल. सव्वानऊ वाजले की आलेल्या मुलांना घेऊन तू बागेत जा, खोलीचे पडदे आधीच ओढून ठेव, आणि सासूबाईंनी भांडी दुपारपर्यंत वाजवायची नाहीत.

त्या रविवारी संध्याकाळी दुकानाला सुट्टी. दीर एक संध्याकाळ एकटे सांभाळतील. त्यांना हे तू सांगायचं नाहीस, तुझ्या नवऱ्याने स्वतः सांगायचं, आणि या आठवड्यातच. सकाळची झोप उशिरा सुरू झाली तर ती संध्याकाळपर्यंत नीट पुरी होऊ दे. उठल्यावर घरात कुजबुजायचं कारण उरलेलं नसेल, तेव्हा बाप-लेकांना फुगे फोडू दे.

अंड्याच्या आकाराचे फुगे आण, छान दिसतील. हॉलवाल्याला मात्र आजच फोन लाव. पाच हजार परत आले तर बरंच, नाही दिले तर त्यासाठी हॉल घेऊ नकोस.

– मावशी