तिसरी माळ आणि आजीचे आजारपण

गडहिंग्लजकडच्या खेड्यातून कोल्हापुरात शिकायला आलेल्या, विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीचे पत्र आले आहे. नवरात्रात ती घरी असताना तिसऱ्या दिवशी तिला पाळी आली. ती तिने कोणाला सांगितली नाही आणि आजीने हाक मारली म्हणून घटावर तिसरी माळ तिनेच बांधली. दसऱ्यानंतर आठवड्याभरात आजीला अर्धांगवायूचा झटका आला. वसतिगृहातल्या मैत्रिणी देव मानणाऱ्यांची टिंगल करतात, हिला मात्र रात्र-रात्र झोप लागत नाही, आणि दर शुक्रवारी ती अंबाबाईच्या महाद्वारापर्यंत जाऊन मागे फिरते. “मी देवीची गुन्हेगार आहे की नुसती ढोंगी?” असे तिने विचारले आहे.

प्रिय मुली,

तू गुन्हेगार नाहीस, आणि हे मी केवळ तुझी समजूत काढण्यासाठी लिहीत नाही. नऊ दिवसांच्या कडक उपवासात आजीने रक्तदाबाची गोळीही घेतली नाही, असे तू पत्रात ओझरते लिहून गेली आहेस. वाढलेला रक्तदाब हे अशा झटक्याचे एक मोठे कारण असते आणि चालू गोळी मध्येच बंद केली की तो पुन्हा चढू शकतो. आजीच्या बाबतीत नेमके काय झाले, हे तिच्या डॉक्टरांना तू स्वतः विचार. हे सगळे शिकत असूनही तुझे मन गोळीपाशी न थांबता माळेपाशी अडकले, कारण माळेची गोष्ट तू लपवली होतीस, आणि लपवले की शिक्षा ही ठरलेलीच, असे आपल्या मनावर लहानपणापासून बिंबवलेले असते.

आता श्रद्धेविषयी. नवरात्रातल्या ललिता पंचमीला कोल्हापूरजवळच्या त्र्यंबोली देवीच्या टेकडीवर त्रिशुळाने कोहळा फोडण्याचा मान कुमारिकेचा असतो, हे तुला ठाऊक असेल. जी परंपरा लहान मुलीच्या हाती त्रिशूळ देते, तीच ती वयात आल्यावर तिला घटापासून दूर बसवते. हे तुला खटकत असेल, तर त्यात अश्रद्धा कसली? 1899 मध्ये पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी आपल्यासाठी वेदोक्त (वेदांतले) नव्हे तर शूद्रांसाठी ठरवलेले पुराणोक्त (पुराणांतले) मंत्र म्हटले जात आहेत, हे शाहू महाराजांच्या लक्षात आले आणि त्यातून उभा राहिलेला वाद वर्षानुवर्षे चालला. पुढे 1920 मध्ये त्यांनी क्षात्रजगद्गुरूंचे, म्हणजे ब्राह्मणेतर धर्मगुरूंचे, पीठ स्थापन केले. पुरोहितांची मक्तेदारी नाकारली म्हणून त्यांनी धर्मच सोडून दिला नाही. तुझ्या मैत्रिणींना ‘सगळे माना नाहीतर सगळे टाका’ एवढेच दोन रस्ते दिसतात, आणि (त्यांना राग आला तरी चालेल) हा हट्ट मला आजीच्या सोवळ्याइतकाच कडक वाटतो. देव मानायचा की नाही हे विसाव्या वर्षाच्या आत ठरवून टाकण्याचे कोणतेही बंधन तुझ्यावर नाही.

ढोंगाचे म्हणशील, तर पाळी लपवणे हे ढोंग नव्हते. घरात तो विषय उघडपणे बोलायची सोय नव्हती, म्हणून तू गप्प राहिलीस. तरीही पुढच्या वर्षी गप्प राहू नकोस, कारण या गप्प राहण्याचाच तुला एवढा त्रास झाला आहे. घडले ते आईला एकटीला गाठून सांग. ती रागावेल, कदाचित चार दिवस अबोला धरेल, पण तिच्या तरुणपणी तिनेही असे काही केले असण्याची शक्यता मला बरीच वाटते. आजीला मात्र इतक्यात सांगू नकोस. ती आजारातून उठेपर्यंत तुझे मन हलके करण्याचा भार तिच्यावर नको. देवळात जावेसे वाटले तर सरळ आत जा, नाही वाटले तर जाऊ नकोस. दारापर्यंत जाऊन परत फिरण्याची शिक्षा मात्र स्वतःला देऊ नकोस. झोप तरीही येईना, तर महाविद्यालयातल्या समुपदेशकांना भेट किंवा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतूनच बोल.

आणि सुट्टीत घरी गेलीस की आजीला तपासणीला नेताना सोबत जा. उपवासातही गोळी घ्यायचीच असते, हे डॉक्टरांच्या तोंडून तिला ऐकव. नातीपेक्षा त्यांचे म्हणणे तिला लवकर पटेल.