गरिबी वाढली की गुन्हे वाढतात, हे खरंय का?

नुसत्या गरिबीने नाही वाढत. मी लालबागच्या चाळीत वाढलो, वडील गिरणीत साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, म्हणून जे पाह्यलंय त्यावरून सांगतो.

गरिबी गिरणगावात आधीपासूनच होती की. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-नऊ माणसं, पगार महिनाअखेरीपर्यंत पुरायचा नाही. पण पोरांना पुढचा रस्ता माहीत असायचा, शाळा सुटली की बदली कामगार म्हणून लागायचं, मग परमनंट, मग लग्न. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत कामावर गेलेच नाहीत. गरिबी जुनीच होती, गेला तो रस्ता.

अमेरिकेतल्या रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये हेच मांडलेलं, त्याला स्ट्रेन थिअरी, म्हणजे ताणाचा सिद्धांत म्हणतात. समाज सगळ्यांना सांगतो पैसा कमवा, मोठे व्हा, पण सरळ मार्ग सगळ्यांना देत नाही. मग बरेचजण तरी सरळच राहतात, काहीजण दारूत बुडतात, काही मोर्चात जातात आणि काहीजण पैशाचं स्वप्न तेच ठेवून मार्ग बदलतात. आमच्या एका मजल्यावर हे सगळे प्रकार होते.

पण मार्ग बदलायला दुसरा मार्गही हाताशी लागतो ना, हे १९६० मध्ये क्लोवर्ड आणि ओहलिन या अमेरिकेतल्याच दोन अभ्यासकांनी सांगितलं. आमच्याकडे मटका, हातभट्टी, गँग सगळं चालत जाण्याच्या अंतरावर होतं. जे बाप पोरांना घेऊन कोकणात परत गेले त्यांच्याकडेही पैसा नव्हताच, पण तिथे पोराला सुपारी द्यायला कोणी येत नव्हतं.

आणि फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम ज्याला ॲनॉमी म्हणतो, म्हणजे काय चालतं काय नाही हे सांगणारी चौकटच सैल पडणं, ते मी घराघरात बघितलं. आधी रात्री उशिरा आलेल्या पोराला बाप दारातच जाब विचारायचा, आता त्याच पोराच्या पैशाने रेशन येतंय म्हटल्यावर विचारणार कोण? दुर्खीमच्या मते अचानक आलेल्या श्रीमंतीनेही हेच होतं, म्हणून गरिबीवर सगळं ढकलणं मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र मर्टन वाचूनही सुटत नाही. शेजारचे दोन सख्खे भाऊ, खोली एक, बाप एक, धाकटा गँगमध्ये गेला आणि थोरल्याने आयुष्यभर पेपर टाकले. रॉबर्ट ॲग्न्यू या अमेरिकन अभ्यासकाने १९९२ मध्ये हाच सिद्धांत पुढे नेत ताणात अपमान, राग, जवळचं माणूस गमावणं हेही धरलं, तेव्हा मला आठवलं, बापाला सावकाराने चाळीसमोर मारलं तेव्हा तिथे धाकटाच उभा होता.